बाजारात तुरी आणि बुकिंगची घाई

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत येत्या काही महिन्यांत येणाऱ्या व्हिडिओ गेम्सची यादी वाचली. यादी चांगली होती, चित्रंही झकास होती. पण प्रत्येक गेमखाली एक चौकट होती: आधी बुकिंग केलंत तर काय काय जास्तीचं पदरात पडेल त्याची. अमुक पोशाख, तमुक तलवार, सगळ्यांच्या ७२ तास आधी खेळायची मुभा. कंपन्यांच्या जाहिरातीत असतं तसंच्या तसं. त्या चौकटीतल्या मालाची खरी किंमत काय, हे कुणीतरी लिहायला हवं, आणि ते मी लिहावं, कारण माझा धंदाच तो आहे.

लॅमिंग्टन रोडवर माझा छोटा गाळा आहे. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण तो पत्ता सांगितला तर गिऱ्हाईक ग्रँट रोड स्टेशनबाहेरच विचारत फिरेल.) नव्या गेम डिस्क विकतो, जुन्या विकत घेतो, कंट्रोलर दुरुस्त करून देतो. येणाऱ्या गेमसाठी बयाणाही घेतो. म्हणजे बुकिंगला गर्दी झाली तर फायदा माझाही आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

बोनसची किंमत ठरवायला माझ्याकडे एक माप आहे: जुनी डिस्क विकायला येणारा माणूस. गेम संपवायचा, डिस्क विकायची, त्यात थोडी भर घालून पुढचा गेम घ्यायचा, असं आपल्याकडची कितीतरी कॉलेजची पोरं करतात. चार-पाच हजारांची वस्तू बापाच्या पैशानं दर महिन्याला थोडीच घेता येते? डिस्क हातात आली की मी ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरून ओरखडे बघतो. मग डबीच्या आतल्या क्लिपमधला कागद काढतो. त्यावर चार-चारच्या तीन गटांत बारा अक्षरांचा कोड असतो. तोच तो बोनस. विकणारा मोठ्या उमेदीनं म्हणतो, ‘‘काका, कोड वापरलेलाच नाहीये, त्याचे वेगळे द्या ना.’’

मी त्याचा एक रुपयाही देत नाही. कोड खरंच कोरा आहे का, हे तो टाकून बघितल्याशिवाय कळत नाही आणि टाकला की संपला. ज्या खात्यात टाकला त्याला कायमचा चिकटला. वापरलेला कोड आणि कोरा कोड, दोन्ही कागद दिसायला अगदी सारखे. शिवाय खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत मुदत छापलेली असते आणि पुष्कळदा ती उलटून गेलेली असते. जुन्या डिस्कला मी जो भाव देतो तो गेम किती ताजा आहे यावर, डबी फुटलेली आहे का यावर. डबीतल्या त्या कागदाचा भावाशी काही संबंध नाही. सेकंडहँडच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, हेच सांगेल.

परदेशातून आलेल्या डिस्कची तर तऱ्हाच वेगळी. मागे घाटकोपरहून एक मुलगा आला होता. मामानं न्यू जर्सीहून येताना त्याच्यासाठी सीलपॅक गेम आणला होता, मुद्दाम आधी बुक करून, कारण डबीवर मोठ्या अक्षरांत बोनसची जाहिरात होती. गेम इथं बिनतक्रार चालला. कोड काही केल्या घेईना. डिस्क जगातल्या कुठल्याही प्लेस्टेशनवर चालते, पण हे जास्तीचं सामान ज्या विभागाच्या डिस्कचं, त्याच विभागाच्या खात्यात उतरतं. मामाची डिस्क अमेरिकेची, भाच्याचं खातं भारतातलं. त्यावर आडवाटेचे उपाय आहेत, ते मी त्याला समजावले. पण त्याचा चेहरा बघून मला मामाचीच जास्त दया आली; तिथल्या दुकानात त्याला हे कुणी सांगितलं असण्याची शक्यता नाही. डबीवर बोनसचं चित्र बोटभर होतं आणि विभागाची अट शोधायला मला चष्मा लावावा लागला.

विकता येत नाही म्हणून त्याला किंमतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. हौसेला मोल नसतं. चार मित्र रात्री हेडफोन लावून एकत्र खेळतात, त्यात एकाच्या अंगावर इतरांकडे नसलेलं सोनेरी चिलखत असेल, तर त्या वयात त्याला जे वाटतं ते मला समजतं. आपण गोविंदा पथकाचा टी-शर्ट मिरवला नाही का? माझं भांडण त्या पोराच्या हौसेशी नाही. त्या हौसेच्या बदल्यात त्याच्याकडून काय काढून घेतलं जातं, त्याच्याशी आहे.

ते काय, हे कळायला जरा मागे जायला हवं. प्लेस्टेशन टूच्या काळात आमच्या रस्त्यावर चिप मारलेल्या, म्हणजे नकली डिस्क चालवणाऱ्या मशीनचंच राज्य होतं, ओरिजिनल डिस्क मागणारा विरळा. पुढे ओरिजिनलचा बाजार जमला तेव्हा माल मोजका यायचा. मोठ्या गेमच्या पेट्या पहिल्या आठवड्यात संपायच्या. तेव्हा बुकिंगला अर्थ होता: तुम्ही पाचशे रुपये ठेवले की एक डबी तुमच्या नावानं बाजूला राहायची आणि किती माल मागवायचा हे मलाही कळायचं. आजही मोठ्या पुतळ्याची, पोलादी डबीची खास आवृत्ती असते, तिचे नग भारतात मोजकेच येतात. ज्याला ती हवी त्यानं खुशाल बुक करावी. तिथं खरोखरच चणचण असते.

पण आता निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकं डिस्क घेतच नाहीत, घरबसल्या डाउनलोड करतात. डाउनलोडचा साठा संपतो का कधी? गोदाम नाही, ट्रक नाही, पेट्या नाहीत. पहिल्या दिवशी घ्या नाहीतर वर्षानं घ्या, माल तोच; उलट वर्षानं अर्ध्या किमतीत आणि चुका दुरुस्त केलेला. मग आधी पैसे द्यायचं कारण उरत नाही. म्हणून कारण तयार करावं लागतं. त्या कारणाचं नाव बोनस.

बोनसच्या मोबदल्यात कंपनी तुमच्याकडून काय घेते? गेम चांगला आहे की वाईट हे कळायच्या आत पैसे द्यायचा तुमचा निर्णय. परीक्षणं लिहिणाऱ्यांना कंपन्या गेम आधी देतात, पण अमुक वेळेपर्यंत छापायचं नाही अशी अट घालून. २०१४ च्या नोव्हेंबरात ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ आला तेव्हा अमेरिकेत विक्री मध्यरात्री सुरू झाली आणि परीक्षणं छापायला परवानगी दुपारी बाराची. मधल्या बारा तासांत ज्यांनी घेतला त्यांच्यातल्या काहींनी पात्रांचे चेहरेच गायब झालेले बघितले. नुसते डोळे, दात आणि केस हवेत तरंगताहेत. तो बनवणाऱ्या यूबिसॉफ्टला नंतर माफी मागावी लागली आणि भरपाई म्हणून जास्तीचा भाग सगळ्यांना फुकट द्यावा लागला.

पुढच्याच वर्षी, जून २०१५ मध्ये, ‘बॅटमन: आर्कम नाइट’ आला. आधी बुकिंग करणाऱ्यांना हार्ली क्विनचा वेगळा भाग बोनस. पीसीवर गेम इतका अडखळत चालायला लागला की वॉर्नर ब्रदर्सनं एक-दोन दिवसांतच पीसीची विक्री थांबवली. ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबर संपता संपता. हार्ली क्विन मात्र वेळेवर हजर.

‘सायबरपंक २०७७’ तर सगळ्यांना आठवत असेल. डिसेंबर २०२०. बुकिंगचा आकडा कंपनीनंच अभिमानानं सांगितला: ८० लाख. परीक्षकांना आधी दिला तो फक्त पीसीचा गेम. प्लेस्टेशन फोर आणि एक्सबॉक्स वनवर तो कसा रडतोय हे विक्री सुरू होईपर्यंत कुणाला दिसलंच नाही. आठवडाभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत करायला घेतले. गंमत अशी की सायबरपंक बनवणाऱ्या याच कंपनीनं २०१५ मध्ये ‘विचर ३’ बरोबर सोळा छोटे जास्तीचे भाग सगळ्यांना फुकट दिले होते, आधी घेतला असो की नंतर. माझ्या दुकानात सायबरपंकसाठी बयाणा ठेवून गेलेल्यांपैकी कितीतरी जण ‘विचरवाल्यांचा आहे, डोळे मिटून घ्या’ असंच म्हणत होते. चांगुलपणाची पुण्याई अशी उधारीवर वापरली गेली. (तो गेम पुढे दुरुस्त झाला, आज उत्तम आहे. आज घेणाऱ्याला तो स्वस्तात आणि धड मिळतो. आधी घेणाऱ्याला महागात आणि मोडका मिळाला.)

बोनसमध्ये असतं तरी काय? बहुतेकदा एखादी बंदूक नाहीतर तलवार, जी पहिल्या दोन-तीन तासांत बरी वाटते; नंतर गेममध्येच तिच्याहून चांगली सापडते. नाहीतर पोशाख. नाहीतर चित्रांची पीडीएफ, जी कुणी दुसऱ्यांदा उघडलेली मी तरी पाहिली नाही. ‘एल्डन रिंग’च्या बुकिंगला हातवाऱ्याची एक अदा बोनस होती आणि ती गेम खेळताना पुढे सगळ्यांनाच मिळवता येत होती. हा त्यातल्या त्यात प्रामाणिक व्यवहार म्हणायचा. कुणाचं काही अडलं नाही.

अडतं ते दुसऱ्या टोकाला. जिथं बोनस खरंच मोलाचा असतो, तिथं तो मूळ गेममधूनच बाजूला काढलेला असतो. २०१४ च्या ‘एलियन: आयसोलेशन’मध्ये १९७९ च्या मूळ सिनेमातल्या कलाकारांच्या आवाजातले, सिगर्नी वीव्हरसकट, खास प्रसंग होते. चाहत्याला दुसरं काय हवं? नेमके तेच बुकिंगच्या बोनसमध्ये ठेवले आणि पुढे वेगळे विकले. म्हणजे बोनस फालतू असेल तर तो घेऊन उपयोग नाही आणि चांगला असेल तर तो आपल्याच ताटातून काढून घेतलेला. या दोन्हींच्या मध्ये बसणारा बोनस मला फार क्वचित दिसला आहे.

२०१५ मध्ये ‘डेउस एक्स: मॅनकाइंड डिव्हायडेड’साठी तर स्क्वेअर एनिक्सनं कमाल केली होती. जगभरात बुकिंग जितकं वाढेल तितक्या बोनसच्या पायऱ्या उघडणार, काही पायऱ्यांवर दोन-तीन गोष्टींतून एकच निवडायची, आणि सगळ्यात वरच्या पायरीला गेम चार दिवस आधी. गिऱ्हाइकानं नुसते पैसे द्यायचे नाहीत, मित्रांनाही पटवून आणायचं! लोक इतके भडकले की १ ऑक्टोबरला कंपनीनं ती योजनाच गुंडाळली आणि सगळं सामान सरसकट सगळ्या बुकिंगवाल्यांना देऊन टाकलं. गिऱ्हाइकानं एकजुटीनं नाक मुरडलं की कंपनी ऐकते, याचा हा नमुना. त्यानंतर गेमची तारीखही फेब्रुवारी २०१६ वरून ऑगस्टवर गेली. चार दिवस आधीचं आमिष आणि सहा महिने उशिराचा गेम.

‘आधी खेळायची मुभा’ हा हल्लीचा लाडका बोनस, त्यासाठी महागडी आवृत्ती घ्यावी लागते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ आला. डिलक्स घेणाऱ्यांना ७२ तास आधी प्रवेश, बाकीच्यांना २३ तारखेला. ६ सप्टेंबरला गेमच बंद. सोनीनं सगळ्यांचे पैसे परत केले, हे मान्य करायला हवं. पण ते तीन दिवस, आणि त्या गेमपुरते घेतलेले पोशाख, यांचं काय करायचं? घालून हिंडायला गावच उरलं नाही.

मुंबईकराला हा सगळा प्रकार नवा वाटू नये. बिल्डरचा माणूस गुढीपाडव्याला ‘आज बुकिंग केलंत तर मॉड्युलर किचन आणि सोन्याचं नाणं’ म्हणतो तेव्हा आपण लगेच विचारतो, ताबा कधी, कार्पेट एरिया किती, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) येणार का? हे शहाणपण आपल्याला फुकट आलेलं नाही. लोकांच्या जन्माच्या कमाया अडकल्या, तेव्हा कुठे रेरा कायदा आला. १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. त्यात नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जाहिरातीत खोटं सांगून बुकिंग घेतलं असेल तर पैसे व्याजासकट परत मागता येतात. घराची आणि गेमची बरोबरी मी करत नाही, पाच हजारांनी कुणाचा संसार बुडत नाही. पण नाण्याकडे बघून फ्लॅट न घेणारे वडील मुलाला तलवारीकडे बघून गेम घेऊन देतात, आणि इथं दहा टक्के नाही, पूर्ण शंभर टक्के आधी मोजतात.

परतीचे नियमही सगळीकडे सारखे नाहीत. पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानानं जून २०१५ पासून बरी सोय ठेवली आहे: गेम यायच्या आधी बुकिंग केव्हाही रद्द करा, आल्यावर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत. पण २०२४ पासून ‘आधी खेळायच्या मुभे’तला वेळही त्या दोन तासांत धरतात, हे लक्षात ठेवा. म्हणजे महाग आवृत्ती घेऊन शनिवारी-रविवारी खेळत बसलात, तर बाकीच्यांना गेम मिळायच्या आधीच तुमचा परतीचा हक्क संपलेला असतो. प्लेस्टेशनच्या दुकानात नियम जास्त कडक आहेत. एकदा डाउनलोड सुरू केलंत की गेममध्ये दोष असल्याशिवाय सहसा काही हाती लागत नाही. कोड असलेली डिस्क आमच्यासारख्याकडून घेतलीत तर सील फुटल्यावर कुठलाच दुकानदार ती नवीन म्हणून परत घेणार नाही, मीही नाही.

एक उदाहरण उलट बाजूचंही द्यायला हवं. २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ हा मोबाइल गेम यायच्या आधी नुसती नावनोंदणी केली की एक मुखवटा आणि पोशाख मिळत होता. पैसे शून्य. गेम आवडला नाही तर मोबाइलवरून काढून टाका, गेलं काय तुमचं? आधी येणाऱ्याला शाबासकीच द्यायची असेल तर ती अशीही देता येते. (पुढे तो गेम आपले पैसे कसे वसूल करतो, ते वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसवणुकीचे १३ प्रकार नाव घेऊन नोंदवले आणि त्यांना मनाई केली. त्यातला पहिलाच प्रकार खोट्या घाईचा: माल संपत आलाय, वेळ संपत आलीय असं भासवून खरेदी करायला लावणं. न संपणाऱ्या डाउनलोडवर ‘फक्त बुकिंगवाल्यांसाठी’ असं लिहायचं आणि सहा महिन्यांनी तेच सामान पैसे घेऊन सगळ्यांना विकायचं, हे त्या व्याख्येत बसतं की नाही, ते प्राधिकरणानं एकदा स्पष्ट करावं. घरखरेदीच्या प्रश्नात वर्षानुवर्षं भांडलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं हा विषय हाती घेतला तर मी माझ्याकडचे मुदत संपलेले कोडचे कागद पिशवीभर आणून देईन. बोनस पुढे वेगळा विकणार आहात का, कोडची मुदत काय, कुठल्या विभागाच्या खात्यात चालेल, एवढं तरी डबीवर आणि दुकानाच्या पानावर बोनसच्या चित्राइतक्याच ठळक अक्षरांत छापायला लावावं. औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात, मग याच्यावर का नको?

पालकांनी पावती आणि पैसे दिल्याचा मेसेज जपून ठेवावा आणि कबूल केलेला बोनस मिळाला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. रक्कम छोटी म्हणून बहुतेक जण सोडून देतात आणि कंपन्यांचा हिशेब त्यावरच चालतो.

माझ्या गाळ्यात मी आता बयाणा घेतो तो फक्त खास आवृत्तीसाठी, आणि डबी हातात देईपर्यंत कुणी नको म्हणालं तर पूर्ण परत देतो. साध्या डिस्कसाठी बुकिंग मागणाऱ्याला सांगतो, गेम आल्यावर दोन दिवसांनी ये, परीक्षणं वाच, यूट्यूबवर कुणाला तरी तासभर खेळताना बघ, डिस्क कुठे जात नाही. होलसेलर यावर नाराज आहे. आगाऊ नोंदणी जितकी जास्त तितकी त्याची सूट जास्त. निम्मे गिऱ्हाईक दोन दिवसांनी येतात. उरलेले कधीकधी येतच नाहीत, कारण परीक्षणं वाचून त्यांचा विचार बदललेला असतो. तो तोटा मी धंद्याच्या खर्चात धरतो.

आपला नम्र,

एक गेमविक्रेता, लॅमिंग्टन रोड, मुंबई
(होलसेलर आपलाच पेपर वाचतो, तेव्हा नाव छापू नये ही विनंती.)